कुणाच्या पेशी

४ नोव्हेंबर

सर्दी! नुसती सर्दी!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी हसलेच. रक्ताच्या कॅन्सरातून बाहेर आली, माझा बोनमॅरो अंगात घेतला, तो रुजला, टकलावर रंगीत टोप्या घालून मिरवली — आणि आता माझ्या धाकट्या बहिणीला लोळवलं कशानं, तर सर्दीच्या विषाणूनं!

बाई हसल्या नाहीत. मग मीही थांबले.

एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. फुफ्फुसं काळी दिसायला हवीत. काळं म्हणजे हवा. धाकटीची खालून अर्धी पांढरी झालीत, पिंजलेला कापूस भरल्यासारखी. नाकाला ऑक्सिजन लावलाय. चार शब्द बोलली की थांबते, पाचवा घ्यायला.

आईला घरी येऊन सांगितलं, "सर्दी जरा छातीत उतरलीय." खोटं बोलले नाही. पूर्ण खरंही नाही.

५ नोव्हेंबर

सकाळचे विद्यार्थी रद्द केले. एकीला नाही करता आलं, तिची परवा लायसन्सची परीक्षा. बाई पार्किंग करताना दर वेळी डोळे मिटतात. आज माझंच लक्ष नव्हतं. खांब आला तसा माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला, अगदी शेवटच्या क्षणी. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?"

ठीक आहे. ठीक राहायलाच हवं. आईला सांभाळायचंय, धाकटीला घरी आणायचंय. रडण्याचं नंतर बघू.

६ नोव्हेंबर

आज डॉक्टरीणबाईंना सोडलंच नाही. म्हटलं, मला नीट समजावून सांगा. मी गाडी शिकवते, मलाही न कंटाळता दहादा सांगावं लागतं, तुम्हीही सांगा. बसल्या बिचाऱ्या.

मला जे कळलं ते असं. विषाणू बाहेर मोकळा असतो तोवर त्याला पकडायला शरीरात बरेच जण असतात. पण एकदा का तो फुफ्फुसाच्या पेशीच्या आत घुसला, की बाहेरून कुणाचा हात पोचत नाही. आत बसून तो आपल्या नकला काढत सुटतो. तिथे लागतात टी-पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. या रक्तातून फुफ्फुसात उतरतात आणि एकेका पेशीला चाचपत जातात. बिघडलेली पेशी आतल्या विषाणूचे तुकडे आपल्या अंगावर बाहेर लावून ठेवते. जणू सांगतेच, माझ्या घरात चोर आहे म्हणून! टी-पेशीनं ते तुकडे ओळखले, की ती तिला चिकटते आणि मरायला लावते. पेशी मेली की आतला कारखानाही बंद.

"आपल्याच पेशीला मारते?" मी विचारलं.

"दुसरा इलाज नसतो. फक्त जिथे विषाणू आहे तिथेच मारते. म्हणून तर ओळख महत्त्वाची."

ती ओळख जन्मजात मुरलेली नसते म्हणे. एकदा तो आजार अंगावर काढावा लागतो. मग ओळखणाऱ्या पेशींची फौज वाढते, आणि काही तर नंतर फुफ्फुसातच मुक्काम ठोकून बसतात. पुढच्या वेळी पाहुणा दारात आला की तिथेच धरतात. म्हणून तुम्हाआम्हाला दोन शिंकांवर भागतं.

धाकटीकडे तसं कुणी उरलेलं नाही. तिच्या जुन्या पेशी कॅन्सरबरोबर पुसल्या गेल्या. आता तिच्यात वाढतात त्या माझ्या मॅरोतून आलेल्या, पण कोवळ्या, काही न पाहिलेल्या. शिवाय त्यांनी तिच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून औषधांनी त्यांना दाबून ठेवलंय. विषाणूवरचं औषध देऊन झालं. विषाणू हलला नाही, किडन्या मात्र कुरकुरायला लागल्या.

"मग आता?"

"आता कुणाकडून तरी अनुभवी पेशी आणायच्या."

"माझ्या घ्या की! तिच्यात आहेत त्याही माझ्याच!"

"तुमचंच रक्त आधी तपासणार आहोत," म्हणाल्या. तिथल्या तिथे बाही वर केली.

७ नोव्हेंबर

मी आजारी पडत नाही. शाळेत हजेरीचं बक्षीस दर वर्षी माझंच. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "थोरलीला कधी साधी शिंक नाही!" आज आरशासमोर दंड फुगवून पाहिला. असल्या दणकट पेशी धाकटीत गेल्या की बघाच म्हणावं!

९ नोव्हेंबर

लागल्या नाहीत. माझ्या पेशी चालणार नाहीत.

प्रयोगशाळेत माझं रक्त त्या विषाणूच्या तुकड्यांबरोबर ठेवलं आणि कोण जागं होतंय ते पाहिलं. जवळजवळ कुणीच नाही. डॉक्टरीणबाई फार सांभाळून बोलत होत्या. "म्हणजे तुमच्यात दोष आहे असं नाही. या विषाणूशी तुमची गाठच पडली नसावी. किंवा पडली तरी खूण राहिली नाही."

जन्मभर ज्याची फुशारकी मारली, तेच नडलं. बाहेर येऊन गाडीत बसले. स्टिअरिंगवर दोन गुद्दे मारले. हॉर्न वाजला, रखवालदार धावत आला. त्याला "सॉरी" म्हटलं आणि परत आत गेले. विचारलं, आता कोण?

आई? नाही. वय, शिवाय हृदयाच्या गोळ्या. रक्त काढायच्या मशीनवर तिला इतका वेळ ठेवणार नाहीत.

"आणखी सख्खं कुणी?"

आहे. भोंग्या आहे.

१० नोव्हेंबर

भोंग्या — आमचा भाऊ. माझ्याहून धाकटा, धाकटीहून मोठा. लहानपणी त्याचं नाक कायम वाहायचं, आणि शिंकरलं की भोंगा वाजल्यासारखा आवाज गल्लीभर! बारा महिने काही ना काही. गोवर, गालगुंड, डोळे, खोकला. गावात साथ नसेल तर हा ती बाहेरून घेऊन यायचा. आता मात्र दारातून तिरकं होऊन आत यावं लागतं एवढा झालाय. घरसामान हलवायचा धंदा आहे त्याचा.

एवढा मोठा बाप्या, आणि सुईला भितो. सुई दिसली की संपलं. गेल्या वर्षी धाकटीची केमो चालू झाली, तिचे केस काढायचे होते, हातात सलाईन. हा पाचच मिनिटं थांबला. "मला बघवत नाही," म्हणाला आणि निघून गेला. परत फिरकलाच नाही. धाकटी उसळली होती — "मला सोसायचंय, आणि बघवत याला नाही! त्याला सांगा, पुन्हा तोंड दाखवू नकोस!" मी निरोप पोचवला. त्यानं तो अगदी इमानदारीनं पाळला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. आई तेवढी फोन करते, आम्ही दोघी बाहेर असलो की. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही.

उद्या जाते त्याच्याकडे.

११ नोव्हेंबर

कपाट उतरवत होता. अरुंद जिना, कपाट पाठीवर, खालून एक जण ओरडतोय, "डावीकडे! डावीकडे घे!" मला पाहिलं आणि कपाट तसंच भिंतीला टेकवलं.

"गेली?" एवढंच विचारलं. तोंड पांढरंफटक.

"नाही. तुझं रक्त हवंय."

मटकन पायरीवर बसला. मी सगळं सांगितलं. विषाणू, टी-पेशी, माझ्या पेशी कशा कोऱ्या निघाल्या ते.

"किती काढतात?"

"आधी एक नळी. चाललं तर मग मशीनवर. काही तास. दोन्ही हातांत सुया."

"दोन्ही?"

"दोन्ही."

घाम पुसला. कपाट आणताना आला नव्हता इतका. "तिला माहितीय?"

"अजून नाही."

"तोंड दाखवू नकोस म्हणालीय ती."

"तोंड नकोच आहे कुणाला. दंड दाखव."

वरून कपाटाची मालकीण ओरडत होती, "अहो, तिथेच मुक्काम करताय का?" भोंग्या उठला. कपाट खाली नेऊन गाडीत चढवलं, दोऱ्या बांधल्या, हात धुतले आणि माझ्या गाडीत येऊन बसला. पट्टा लावला. "चल लवकर. विचार करायला लागलो तर नाही येणार."

संध्याकाळ — लिहायचं राहिलं होतं. नर्स म्हणाली, "मूठ आवळा." यानं मूठ आवळली, डोळे मिटले आणि खुर्चीसकट आडवा झाला. बरोबर ट्रेचं स्टँडही. कापसाचे बोळे सगळीकडे. शुद्धीवर आला तर म्हणतो, "झालं?"

"सुई अजून टोचलीच नाही," नर्स म्हणाली.

दुसऱ्यांदा आडवं निजवून घेतलं. माझा हात असा आवळलाय की अजून पेन नीट धरता येत नाही.

१३ नोव्हेंबर

ऑक्सिजन वाढवला. आता नळी नाही, मास्क. बोलणं बंद. मी तिला एक पाटी आणि खडू नेऊन दिला. धाकटीचा धंदाच पाट्या रंगवायचा. शहरातल्या अर्ध्या दुकानांवर तिचं अक्षर आहे, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलवरही. श्वास घेता येत नाही, पण मात्रा-वेलांट्या कशा टपोऱ्या! लिहिलं, "आईला सांगितलंस?"

सांगितलं. आज. आईनं पोळपाट-लाटणं घासून घासून चकचकीत केलं.

१४ नोव्हेंबर

जाग्या झाल्या! भोंग्याच्या पेशी! डॉक्टरीणबाई स्वतःच कॉरिडॉरमध्ये येऊन सांगत होत्या, आज पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. "विषाणूचे तुकडे दिसले रे दिसले की उठल्याच! भरपूर आहेत. लहानपणी फार आजारी पडायचे का हे?"

मी हसत सुटले, थांबताच येईना.

पेशींवरच्या खुणांत त्याचं धाकटीशी जुळणं अर्धंच आहे. पण अर्धं पुरतं, आणि ज्या खुणेवरून त्याच्या पेशी विषाणू ओळखतात ती दोघांत सारखी आहे. हे मी तीनदा विचारून घेतलं.

१५ नोव्हेंबर

धाकटी नाही म्हणाली.

पाटीवर मोठ्या अक्षरांत — "त्याचं काही नको माझ्यात." आणि खडू टाकून दिला.

मी गाउन, मास्क, टोपी अशा अवतारात उभी. आत घाम. डॉक्टरीणबाई दारात. म्हटलं, "मला पाच मिनिटं द्या."

काय बोलायचं ते ठरवून गेलेच नव्हते. बोलले ते असं काहीसं: "माफ करू नकोस त्याला. बोलू नकोस. तोंडसुद्धा बघू नकोस. नुसत्या पेशी घे. बरी हो, घरी ये, आणि मग मनसोक्त भांड त्याच्याशी. मी मध्ये पडणार नाही. पण आत्ता भांडायला तुझ्यात दम आहे का? भांडणासाठी तरी फुफ्फुसं लागतात की नाही?"

मास्कच्या आत हसली. हसली आणि खोकला सुरू झाला, मशीन किंचाळायला लागलं, नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. "हसवायला आला होता का तुम्ही?"

काचेतून पाहिलं तर पाटी वर धरलेली. "सही कुठे करू?"

१६ नोव्हेंबर

एक वाईट गोष्ट. स्टेरॉइड, पेशींना दाबून ठेवणारं तेच औषध, कमी करावं लागणार. नाहीतर भोंग्याच्या पेशी आत जाताच मरतील. पण स्टेरॉइडनंच सूज आवरून धरलीय. बाई स्पष्ट बोलतात, ते आवडतं मला: "फुफ्फुस नाजूक असतं. टी-पेशी लढायला लागल्या की तिथे पाणी सुटतं, सूज येते. कमी लढल्या तर विषाणू जिंकतो. जास्त लढल्या तर लढाईनंच श्वास कोंडतो."

"मधलं काही?"

"मधलंच हवंय आपल्याला."

भोंग्याला फोन. म्हटलं, मशीनची तारीख ठरली. आणि तोवर शिंकलास तर याद राख! धुळीत काम करतो मेला. तो म्हणाला, तोंडाला फडकं बांधून हिंडतोय, लोकांना वाटतंय दरोडा घालायला आलाय.

१८ नोव्हेंबर

थकलेय, पण आजचं लिहायलाच हवं.

भोंग्याला पलंगावर निजवलं. डाव्या दंडातून रक्त बाहेर, मशीनमध्ये गरगर फिरून पांढऱ्या पेशी वेगळ्या, बाकीचं रक्त उजव्या दंडातून परत. हलायचं नाही. दोन्ही दंड सरळ. सुया जाताना छताकडे बघत होता, ओठ निळे. नर्स मला हळूच म्हणाली, "हे उठून पळाले तर आम्हा चौघींनाही आवरायचे नाहीत."

आणि खरंच तो क्षण आला. मशीन सुरू झालं, नळी लाल झाली, आणि त्यानं ती पाहिली. पायाचे अंगठे ताठ, पलंग हलायला लागला. "ताई, काढायला सांग. ताई, मला नाही जमणार."

माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं जे दिवसभर निघतं. "सीट पुढे घे. आरसा बघ. क्लच दाब."

"काय?"

"क्लच दाब म्हटलं ना! डावा पाय!"

डावा पाय पांघरुणाखाली दाबला गेला.

"पहिला गिअर. हळू सोड. आपल्या जुन्या घरासमोर आहोत. समोर काय आहे?"

"...सायकलवाला."

"बरोबर. त्याला जाऊ दे. आता उजवीकडे, शाळेच्या रस्त्यानं."

मी त्याला सगळं गाव फिरवलं. शाळा, मैदान, ज्या गिरणीसमोर तो पिठात पडला होता ती गिरणी, धाकटीला डबल सीट घेऊन ज्या उतारावर ब्रेक लागला नव्हता तो उतार. डोळे मिटलेले, पाय बरोबर चालतायत. उतारावर दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. नर्ससुद्धा थांबून ऐकत होती. मध्येच म्हणाला, "ताई, तेव्हा तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मी तिला पाठीवर घरी नेलं. तेव्हा बघवलं होतं मला."

मी म्हटलं, "समोर बघ. सिग्नल आहे."

दुसरं काय बोलणार होते! 

पिशवीत शेवटी फिकट गुलाबी असं काहीतरी जमलं. पातळ सरबतासारखं. सुया काढल्यावर पाच मिनिटं तो तसाच पडून. मग मी विचारलं, "गाडी कुठे लावली?"

"घरासमोर."

"हँडब्रेक?"

"लावला."

१९ नोव्हेंबर

प्रयोगशाळेतली मुलगी सांगत होती. त्या सगळ्या पेशींना विषाणूचे तुकडे दाखवले. ज्यांनी ओळखलं तेवढ्याच चुंबकानं उचलून घेतल्या. बाकीच्या नकोत, त्या धाकटीच्याच अंगावर उठतील. निवडून निवडून घेतलं म्हणे, खड्यांतून तांदूळ वेचावेत तसं.

२० नोव्हेंबर

एवढीशी सिरिंज! मी बादलीभर काहीतरी येईल अशा तयारीत. ओततानाही दिसलं नाही. धाकटीनं भुवया वर केल्या. पाटीवर: "एवढंच? तो तर केवढा आहे!"

भोंग्या बाहेर उभा होता, वळणापाशी, तिला दिसणार नाही असा. मी बाहेर आले तेव्हा विचारलं, "रडली का?" नाही म्हटलं. गेला.

२१ नोव्हेंबर

काही नाही. ताप तेवढाच, ऑक्सिजन तेवढाच. परीक्षावाल्या बाई दुसऱ्या खेपेला पास झाल्या, पेढ्यांऐवजी मला मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ थांबले.

२३ नोव्हेंबर

ताप एकदम चढला. श्वास — तिची मान, खांदे, सगळं श्वास घेतंय. नवा एक्स-रे आधीपेक्षा पांढरा.

डॉक्टरीणबाईंनी मला, आईला आणि भोंग्यालाही बसवलं. (भोंग्या कधी आला? आईनं बोलावलं असणार.) "हे दोन कारणांनी होऊ शकतं. एक, पेशी पोचल्यात आणि लढतायत. दोन, पेशींचं काही चाललेलं नाही आणि विषाणूच वाढतोय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. स्टेरॉइड वाढवलं तर आत्ता आराम पडेल. पण पेशी मरतील, आणि पुन्हा हे सगळं करायला वेळ मिळेलच असं नाही. थांबलो तर... थांबण्यात धोका आहे. कृत्रिम श्वासाचं मशीन तयार ठेवलंय."

आई माझ्याकडे बघायला लागली. भोंग्याही. मी थोरली ना. मला ब्रेक दाबायची सवय आहे, पायाला तेच कळतं. धोका दिसला की दाब. "वाढवा," म्हणणारच होते.

मग वाटलं, गाडी माझी नाही.

"तिला विचारा," म्हटलं. "शुद्धीत आहे ती. तिचं फुफ्फुस आहे."

विचारलं. सगळं, काही न लपवता. मी आत, शेजारी. धाकटीनं डोळे मिटले. वाटलं, झोपली. मग हात चाचपडला, खडू दिला. पहिलं अक्षर यायला किती वेळ लागला!  पण तिनं नुसतं लिहिलं नाही — प्रत्येक अक्षराला बाजूनं सावली दिली, दुकानाच्या पाटीला देते तशी. थकून मध्ये थांबली, पुन्हा धरला. कुणाची हिंमत नव्हती घाई कर म्हणायची.

"थांबा."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. थांबलो.

२४ नोव्हेंबर

तसंच. थांबलोय.

२५ नोव्हेंबर

आई स्वयंपाक करते आणि कुणी जेवत नाही. मी क्लास घेतले, सगळे. घरी बसून भिंतीशी काय बोलू? शिकाऊ मुलाला ओरडले, मग माफी मागितली. भोंग्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेला, आजचं सामान दुसऱ्यावर सोपवून. म्हणाला, "माझ्या पेशी आहेत ना त्या. भित्र्या असतील का गं?"

म्हटलं, "सुई टोचल्यावर पळाल्या नाहीत. इथेही नाही पळणार."

२६ नोव्हेंबर

ताप थोडा खाली. बोलू नये. लिहिते फक्त.

२७ नोव्हेंबर

ऑक्सिजन कमी केला! एक टप्पा! विषाणूचा आकडा पहिल्यांदाच उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून नाचू नका." कॉरिडॉरच्या कोपऱ्यात जाऊन थोडंसं नाचले. रखवालदारानं पाहिलं. हा माणूस मला नेमका अशाच वेळी पाहतो.

३० नोव्हेंबर

एक्स-रेवर काळं दिसतंय. वरून खाली उतरतंय काळं. काळा रंग इतका देखणा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.

आज नळी घालून फुफ्फुस थोडं धुतलं आणि ते पाणी तपासायला पाठवलं, विषाणू किती उरलाय आणि कोणत्या पेशी काय करतायत ते बघायला. धाकटी पाटीवर: "भांडी घासतात तशी घासली मला."

२ डिसेंबर

मास्क गेला, पुन्हा नळीवर आली. पहिलं वाक्य — "ताई, तो बाहेर आहे ना? त्याच्या चपला ऐकू येतात."

काचेपाशी त्याला उभं केलं. कुठे बघावं ते कळेना त्याला. तिच्या हातातली सलाईनची सुई समोरच होती. मी मनात म्हटलं, पडतोय आता. पडला नाही. घाम फुटला, काचेला हात टेकला, पण बघत राहिला. सुईकडेच. डोळे भरून आले तरी हलवले नाहीत.

धाकटीनं मग पाटी घेतली. आता गरज नव्हती, तरी. लिहिलं, "जाड झालास."

तो आत न येताही इतक्या मोठ्यानं शिंकरला की अख्ख्या वॉर्डानं वळून पाहिलं.

५ डिसेंबर

भोंग्या आता रोज येतो. गाउन घालून आत बसतो, गाउन त्याला पोटावर पुरत नाही. काल दोघं चांगलेच भांडले. ती म्हणाली, तू पळालास. तो म्हणाला, हो, पळालो. ती म्हणाली, मी एकटी होते. तो गाउनच्या नाड्या ओढत बसला. मी ठरल्याप्रमाणे मध्ये पडले नाही, दाराबाहेर उभी राहून ऐकलं सगळं. शेवटी तो म्हणाला, "आता माझ्या पेशींची अख्खी पलटण ठेवलीय तुझ्यात. त्या तरी नाही पळायच्या." ती हसली आणि म्हणाली, "दादा, भाडं घेणार का त्यांचं?"

दादा म्हणाली! आईला सांगितलं तर ती पदरात तोंड घालून रडली, आणि मग मला विचारते कशी, "त्याला फोन करायला आता हरकत नाही ना?" जशी काही इतके दिवस करतच नव्हती.

भोंग्या फुगलाय नुसता. ओळख ना पाळख, भेटेल त्याला दंडावरची खूण दाखवतो. कामावरच्या पोरांना टी-पेशी समजावून सांगतो. बऱ्याचशा चुकीच्या, पण जीव ओतून.

९ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी मला आणि धाकटीलाच सांगितलं. फुफ्फुसाच्या पाण्यात ज्या टी-पेशी सापडल्या, त्या कुणाच्या ते तपासलं. भोंग्याच्या जवळजवळ नाहीतच. विषाणूला ओळखणाऱ्या, लढणाऱ्या होत्या त्या माझ्या — म्हणजे आता तिच्याच. त्या कोवळ्या. स्टेरॉइड कमी केल्यावर मोकळ्या झाल्या आणि शिकल्या. "भावाच्या पेशींनी मधले दिवस तारून नेलं असेल. नसेलही. आता कधीच सांगता येणार नाही."

बाई गेल्या तशी धाकटीनं विचारलं,

"ताई, दादाला कोण सांगणार?"

बाहेर तो नव्या नर्सला दंड दाखवत होता.

"कुणीच नाही," म्हटलं. तिनं माझा हात घट्ट धरला.